खुर्चीतून हात कुठवर पोचतो? नागपूरच्या एका ओपीडीतल्या टोकन यंत्राचं प्रकरण

नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडी हॉलमध्ये टोकन काढण्यासाठी टच स्क्रीनची दोन यंत्रं बसवली होती. भाषा निवडायची, मोबाइल नंबर किंवा जुन्या केस पेपरचा क्रमांक टाकायचा, विभाग निवडायचा आणि चिठ्ठी घ्यायची, एवढंच काम. या हॉलमध्ये भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची माणसं येतात, शिवनी-छिंदवाड्याकडचीही येतात. सकाळच्या गर्दीत खिडकीवरचा ताण कमी व्हावा हा हेतू होता आणि उभ्या माणसांपुरता तो साधलाही. व्हीलचेअरवर बसलेल्या रुग्णाला मात्र दोन्हीपैकी एकाही यंत्रावर स्वतःच्या हाताने टोकन काढता येत नव्हतं.

याबद्दल तक्रार जवळजवळ आलीच नाही. खुर्चीवरच्या रुग्णासोबत बहुतेक वेळा घरचं कुणीतरी असतं आणि ते बटण दाबून मोकळं होतं. पण विभाग निवडणं ही खासगी बाब आहे. मनोविकार, त्वचा-गुप्तरोग, स्त्रीरोग यांतलं बटण भावाला किंवा शेजाऱ्याला दाबायला सांगावं लागणं आणि आपण दाबणं यांत फार फरक आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २५मध्ये सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेश आणि तपासणी-उपचारांत प्राधान्य या दोन्ही गोष्टी आहेत. टोकन यंत्र हा आता रुग्णालयात शिरण्याचा पहिला दरवाजाच आहे. तो बंद असेल तर बाहेरचा रॅम्प कितीही नीट बांधलेला असो, माणूस अडलेलाच राहतो.

मोजपट्टी लावल्यावर

दोन्ही यंत्रं सारखीच होती: ४३ इंची पडदा, उभा लावलेला, खाली पत्र्याची बंद पेटी. पडद्याची चित्र दिसणारी जागा ९५२ मिमी उंच आणि ५३५ मिमी रुंद. तिची खालची कड जमिनीपासून ७८० मिमीवर, म्हणजे वरची कड १७३२ मिमीवर.

आता खुर्चीतला हात. युरोपच्या ईएन ३०१ ५४९ या मानकात आणि अमेरिकेच्या एडीए या दिव्यांग हक्क कायद्याच्या मानकांत समोरून हात पोचण्याची वरची मर्यादा १२२० मिमी आणि खालची ३८० मिमी दिली आहे. आपल्याकडचं आयएस १७८०२ हे मानक याच ईएन मानकाच्या धर्तीवर आहे. पडद्याच्या खालच्या कडेपासून १२२० मिमीपर्यंत उरतात ४४० मिमी. पडदा १०८० बाय १९२० पिक्सेलचा (चित्राच्या ठिपक्यांचा), म्हणजे एक पिक्सेल साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. त्या हिशेबाने खालून सुमारे ८८० पिक्सेलपर्यंतच हात पोचतो. वरचे हजाराहून जास्त पिक्सेल, अर्ध्याहून अधिक पडदा, खुर्चीतल्या माणसासाठी नुसतं चित्र.

आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी नेमकं काय वर ठेवलं होतं? भाषेची बटणं १५९० मिमीवर, ‘मागे’ आणि ‘मुख्य पान’ १६९० मिमीवर. पहिल्याच पायरीला गाडी अडायची.

१२२० हा आकडासुद्धा जरा उदार आहे. तो ज्याचे खांदे शाबूत आहेत त्याच्यासाठी आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात हाडाचा रक्तपुरवठा तुटून खुब्याचा सांधा निकामी होतो, आणि तेच खांद्याच्या सांध्यालाही होऊ शकतं. असा रुग्ण खुर्चीत बसलेला असतो आणि हातही खांद्याच्या वर नेता येत नाही. म्हणून या प्रकरणात दोन रेषा आखल्या: कोणतंही बटण १२२० मिमीच्या वर नाही, आणि ज्यावाचून टोकन निघतच नाही अशी सगळी बटणं ११०० मिमीच्या आत. इतर ठिकाणीही हीच दुसरी रेषा धरावी. रुग्णालयात तर धरायलाच हवी.

उंचीनंतर अंतर. पेटी जमिनीपर्यंत बंद असल्यामुळे खुर्चीचे पायदान आधी पत्र्यावर आपटतात. माणूस पडद्यापासून अर्धा मीटरभर लांब राहतो आणि कंबरेतून पुढे वाकून हात लांबवतो. कमरेखाली ताकद नसलेल्या माणसाला असं वाकताना तोल सांभाळायला दुसऱ्या हाताने खुर्चीचा दांडा धरावा लागतो. म्हणजे एकाच हाताने काम करायचं, तेही घाईत.

घाई अशासाठी की यंत्र ३० सेकंदांत पहिल्या पानावर परत जायचं. तपासल्यावर कळलं की घड्याळ शेवटच्या स्पर्शापासून चालतच नव्हतं, पहिल्या स्पर्शापासून चालत होतं. दहा आकडी मोबाइल नंबराचा सातवा-आठवा आकडा दाबेपर्यंत पान पुसलं जायचं. उभ्या माणसाचं काम वेळेत संपायचं, म्हणून ही चूक कुणाच्या ध्यानातच आली नाही.

बोट एकीकडे, नोंद दुसरीकडे

या यंत्रांना इन्फ्रारेड फ्रेम होती. काचेच्या चारी कडांमधून अदृश्य किरणांची जाळी असते. बोटाने किरण अडले की स्पर्शाची नोंद होते. हातमोजा, पेनाचं टोक, कृत्रिम हात, तोंडात धरलेली काडी, काहीही चालतं. मोबाइलसारख्या कपॅसिटिव्ह पडद्याला उघडी त्वचा लागते. चाकं ढकलून हाताला घट्टे पडलेल्यांची किंवा मोजे घालणाऱ्यांची बोटं तिथे दहा वेळा टेकवावी लागतात. त्यामुळे इन्फ्रारेड फ्रेम राहू द्यावी हा निर्णय सोपा होता. तिचे दोन दोष मात्र निस्तरावे लागले.

पहिला, किरणांची जाळी चित्राच्या पुढे असते, इथे सुमारे ८ मिमी. समोरून बघणाऱ्याला फरक पडत नाही. पण खुर्चीतल्या माणसाचे डोळे साधारण ११५० मिमीवर असतात. त्याने अर्ध्या मीटरवरून १६०० मिमी उंचीच्या बटणाकडे पाहिलं, तर नजर इतकी तिरपी वर जाते की बोट बटणाच्या जवळपास ७ मिमी खाली नोंदलं जातं. बटणांमध्ये १० मिमीची फट असली की बोट त्या फटीतच पडतं. यंत्र बसवणाऱ्या तंत्रज्ञाने पडद्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे बोटाची आणि चित्राची जागा जुळवणं, उभं राहून केलं होतं, त्याच्या डोळ्यांसाठी ते बरोबरच होतं. बटणं डोळ्यांच्या पातळीजवळ आणली की हा फरक एक-दोन मिलिमीटरवर येतो. तरीही कॅलिब्रेशन खुर्चीत बसूनच करावं.

दुसरा दोष जास्त त्रासाचा आणि तो फक्त बारकाईने पाहिल्यावर कळला. हात उंचावून ठेवणं दमवणारं असतं, म्हणून खुर्चीतला माणूस तळव्याची करंगळीकडची बाजू पडद्याच्या खालच्या कडेवर टेकवतो आणि मग तर्जनी वर नेतो. त्याच्या दृष्टीने त्याने एकदाच दाबलं. फ्रेमच्या दृष्टीने आधी तळवा लागला, मग बोट. सॉफ्टवेअर पहिला स्पर्श खरा धरायचं आणि बोटाकडे दुर्लक्ष करायचं. रुग्ण पुन्हा पुन्हा दाबतोय, यंत्र ढिम्म. ओढणीचा पदर, सलाइनची नळी, शर्टाची सैल बाही यांनीही हेच व्हायचं.

यावर तीन गोष्टी एकत्र केल्या. पडद्याच्या कडेखाली १५ मिमीवर, किरणांच्या जाळीबाहेर, हात टेकवायला ४० मिमी रुंदीची गोल कडेची पट्टी बसवली. पडद्याचे खालचे ४० पिक्सेल स्पर्शासाठी बंद केले आणि बोटापेक्षा बऱ्याच मोठ्या आकाराचा स्पर्श सॉफ्टवेअरने गाळायला सुरुवात केली. शिवाय बटण दाबताच काम होण्याऐवजी बोट उचलल्यावर होईल असं केलं. चुकीच्या बटणावर बोट पडलं तर ते बाजूला सरकवून उचलावं, काही होत नाही. हात थरथरणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. तिन्हींत पट्टीचा उपयोग सर्वांत मोठा. स्वस्तही तीच.

पहिलं यंत्र: पेटी तीच, पान नवं

सोपा वाटणारा उपाय म्हणजे पेटी कापून पडदा खाली आणणं. तो इथे चालत नाही. वरची कड १२२० मिमीवर आणायची तर खालची २६८ मिमीवर जाते. तिथवर खुर्चीतला माणूसही पोचत नाही आणि गुडघेदुखीचा म्हातारा माणूसही नाही. उभा ४३ इंची पडदा मुळातच या कामासाठी फार उंच आहे.

म्हणून पहिल्या यंत्रात फक्त सॉफ्टवेअर बदललं. अनेक ठिकाणी व्हीलचेअरच्या चित्राचं बटण देतात. ते दाबलं की सगळी बटणं खाली सरकतात. या पद्धतीत एक खोट आहे. ते बटण आहे हे माणसाला आधी कळावं लागतं, आणि ते सापडेपर्यंत मागची रांग कुरकुरू लागते. त्याऐवजी खालची मांडणी सगळ्यांसाठीच कायम केली. खालचे ८८० पिक्सेल हातांसाठी, वरचे १०४० पिक्सेल डोळ्यांसाठी. वर मोठ्या अक्षरांत चालू पायरी, कोणती कागदपत्रं लागतात ते आणि कोणती खिडकी चालू आहे ते. रुग्णाचं नाव, नंबर, निवडलेला विभाग वरच्या भागात कधीही दाखवायचा नाही, कारण तो भाग अख्ख्या रांगेला दिसतो.

खालच्या भागात आकड्यांचा कळफलक: तीन उभ्या, चार आडव्या ओळी. प्रत्येक कळ १०० बाय ८० पिक्सेल, म्हणजे ५० बाय ४० मिमी, मधली फट १० मिमी. चार ओळींना ४०० पिक्सेल पुरतात. ११०० मिमीची रेषा खालून ६४० पिक्सेलवर येते, त्यामुळे ‘पुढे’ आणि ‘मागे’ही त्याच पट्ट्यात बसतात. इथे एक सूचना: पिक्सेलच्या हिशेबावर विसंबू नका. संगणकातलं डिस्प्ले स्केलिंग (चित्र मोठं करून दाखवण्याची सेटिंग) १२५ किंवा १५० टक्के असलं की ब्राउझरमधला पिक्सेल आणि पडद्यावरचा पिक्सेल वेगळा होतो. स्टीलची पट्टी थेट काचेवर लावून कळ मोजावी.

विभागांची यादी पूर्वी बोटाने वर ओढावी लागायची. हात उंचावून बोट काचेवरून न उचलता ओढत नेणं खुर्चीतून जिकिरीचं असतं. आता एका पानावर सहा विभाग, खाली ‘पुढचे’ आणि ‘मागचे’. पाने वाढली, पण एकही ओढ उरली नाही.

घड्याळ शेवटच्या स्पर्शापासून ९० सेकंद केलं. ते संपत आलं की वीस सेकंदांसाठी ‘अजून वेळ हवा?’ असं विचारणारं पान येतं आणि त्या पानावर खालच्या भागात कुठेही स्पर्श केला तरी चालतं. नाव टाइप करण्याची पायरी काढूनच टाकली. मोबाइल नंबर, केस पेपर क्रमांक किंवा केस पेपरवरचा क्यूआर कोड, तिन्हींपैकी काहीही पुरतं. मराठी, हिंदी, इंग्रजी ही तीन बटणं आता प्रत्येक पानाच्या तळाशी असतात. एखाद्याने चुकून इंग्रजी निवडली तर सुरुवातीपासून यावं लागत नाही.

दुसरं यंत्र: पडदा आडवा, पाय मोकळे

दुसऱ्या यंत्राची पेटी काढून टाकली, पडदा तोच ठेवला. तो आडवा केला की उंची ५३५ मिमी उरते आणि प्रश्न निम्मा सुटतो. आडवा करण्याआधी पडद्याच्या माहितीपत्रकात दोन्ही दिशा चालतात का ते पाहावं लागतं; हवा खेळण्याच्या जाळ्या एका दिशेसाठी बेतलेल्या असल्या तर पडदा आतून तापतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात हॉलमध्येही ती जोखीम खरी असते. इथल्या पडद्याला दोन्ही दिशा चालत होत्या. फ्रेम फिरवल्यावर कॅलिब्रेशन नव्याने करावं लागलं, आणि ऑपरेटिंग सिस्टिममधली चित्राची दिशा व स्पर्शाची दिशा या दोन वेगळ्या सेटिंग आहेत हे विसरलं की बोट डावीकडे आणि नोंद वर अशी गंमतशीर नव्हे, हैराण करणारी अवस्था होते.

पडदा सरळ उभ्या रेषेपासून ३० अंश मागे कलता ठेवला. मग त्याची प्रत्यक्ष उंची ४६३ मिमी होते. खालचा हिशेब जरा नीट पाहण्यासारखा आहे, कारण बहुतेक फॅब्रिकेटर इथेच चुकतात. गुडघ्यांसाठी मानकांत ६८५ मिमी उंचीची मोकळी जागा दिली आहे. पण रुग्णालयातल्या घडीच्या खुर्च्यांचे हात टेकायचे दांडे साधारण ७३० ते ७५० मिमीवर असतात आणि बहुतेक खुर्च्यांत ते निघत नाहीत. ६८५ वर पत्रा आला की गुडघे आत जातात आणि दांडे पत्र्यावर आपटतात. म्हणून पत्र्याचा सर्वांत खालचा बिंदू ७५० मिमीवर ठेवला. सर्वांत खालचा बिंदू कोणता? पडद्याची पुढची कड नव्हे. केसिंग ९० मिमी जाड आहे, पडदा मागे कलला की केसिंगचा मागचा खालचा कोपरा पुढच्या कडेपेक्षा ४५ मिमी खाली येतो. त्यात चौकटीचे २६ मिमी धरले आणि थोडी सवड ठेवली की चित्राची खालची कड ८३० मिमीवर आणि वरची १२९३ मिमीवर येते.

वरचे १८० पिक्सेल १२२० मिमीच्या पलीकडे जातात. तिथे फक्त शीर्षक. उरलेल्या ९०० पिक्सेलमध्ये सगळं काम, त्यातली अत्यावश्यक बटणं खालच्या ६३० पिक्सेलमध्ये. आडव्या पडद्याची रुंदी ९५२ मिमी असल्याने कोपऱ्यांतही बटण ठेवायचं नाही. मधल्या १४०० पिक्सेलच्या पट्ट्यात सगळं बसवलं.

स्टँड ५० बाय ५० मिमीच्या, २ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपचा. मधोमध एकच खांब असलेला स्टँड दिसायला सुबक असतो, पण पायदान थेट त्या खांबावर जातं. म्हणून दोन बाजूंना दोन पाय, मधली मोकळी रुंदी ८६० मिमी, आत जायला खोली ५०० मिमी. प्रत्येक पायाखाली ६ मिमीची प्लेट, चार-चार १० मिमीचे अँकर फास्टनर, तेही फरशीत नव्हे तर फरशीखालच्या काँक्रीटमध्ये. खुर्चीतला माणूस जवळ सरकण्यासाठी स्टँडची कड धरून स्वतःला ओढतो. हा भार स्टँडला पेलावाच लागतो. त्या ओढीने फरशीतले स्क्रू महिन्याभरात ढिले होतात.

स्टँड आला, बसला, आणि दुसऱ्याच दिवशी विजेच्या कामाच्या माणसाने यूपीएस आणि अडॅप्टरचा गुंता गुडघ्यांच्या जागेत लटकवला. जागा रिकामी दिसली की तिथे काहीतरी ठेवलं जातंच. वायरिंग उजव्या पायाच्या पाइपातून घेतलं आणि यूपीएस मागच्या भिंतीवर १५०० मिमीवर नेला.

चकाकी

मागे कलता पडदा छताचा उजेड पकडतो. खुर्चीतल्या माणसाचे डोळे ११५० मिमीवर आणि पडद्यापासून अर्ध्या मीटरवर धरले, छत ३ मीटरवर, तर पडद्यासमोर सुमारे १.६ मीटर अंतरावरची ट्यूबलाइट थेट त्याच्या डोळ्यांत परावर्तित होते. उभ्या माणसाला ती ट्यूब दिसतच नाही. त्याला त्याच पडद्यात समोरचा दरवाजा किंवा खिडकी चमकताना दिसते. त्यामुळे उभं राहून ‘सगळं छान दिसतंय’ असा शेरा देण्यात अर्थ नसतो. इथे एक ट्यूब ९० सेंटिमीटर मागे सरकवली आणि काचेवर मॅट फिल्म लावली. कल १५ अंश ठेवला असता तर ट्यूबचा त्रास कमी झाला असता, पण पडद्याची वरची कड आणखी वर गेली असती. ३० अंश ठेवून ट्यूब हलवणं बरं.

चिठ्ठी

टोकन निघालं तरी ते हातात यायला हवं. जुन्या पेटीत चिठ्ठी ६१० मिमीवर, एका झाकणामागे पडायची. झाकण चिमटीत धरून उचलायचं आणि दुसऱ्या हाताने चिठ्ठी काढायची. मानक सांगतं की एका हाताने, चिमूट किंवा मनगट पिळल्याशिवाय आणि २२.२ न्यूटनपेक्षा जास्त जोर न लावता काम व्हावं. ते झाकण तिन्ही कसोट्यांत नापास.

नव्या स्टँडवर ८० मिमीचा थर्मल प्रिंटर उजव्या बाजूला, तोंड ८७० मिमीवर, झाकण नाही. आधी चिठ्ठी पूर्ण कापली जात होती. समोरच्या कूलरच्या वाऱ्याने ती उडून जमिनीवर जायची, आणि खुर्चीतल्या माणसासाठी जमिनीवरची चिठ्ठी म्हणजे हरवलेली चिठ्ठी. प्रिंटरची सेटिंग अर्धवट कापण्यावर आणली. आता चिठ्ठी मधल्या बारीक दुव्यावर लटकून राहते, ६० मिमी बाहेर येते आणि हलक्या ओढीने निघते. मूठ बंद असलेल्या हातालाही दोन बोटांच्या फटीत धरता येते. टोकन क्रमांक एसएमएसनेही जातो.

जमीन, रांग आणि कूलर

यंत्रासमोर ९०० बाय १२२० मिमीची जागा पिवळ्या रंगाने आखली. मानकांतला किमान आकडा ७६० बाय १२२० आहे, पण चाकांच्या बाहेर हात फिरवून खुर्ची चालवणाऱ्याला ७६० मध्ये कोपर घासतात. रांगेचे स्टीलचे कठडे ७०० मिमी अंतरावर होते. ते ९५० केले, आणि रांगेच्या टोकाला वळायला १५०० मिमी व्यासाची जागा मोकळी ठेवली. पायपुसणं काढलं; पुढची छोटी चाकं त्यात रुततात.

कूलर या प्रकरणात तीन प्रकारे आडवा आला. उन्हाळ्यात तो नेमका आखलेल्या चौकोनात आणून ठेवला जायचा, कारण प्लग पॉइंट तिथे होता. पॉइंटच हलवल्यावर ते थांबलं. कूलरच्या पाण्यासाठी त्या भागातल्या फरशीला जाळीकडे उतार होता. ब्रेक न लावता खुर्ची थांबवली की बोटाच्या दाबानेच ती मागे सरकायची. उतार दोन टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे मीटरला २० मिमी. इथे चौकोनापुरती फरशी उचलून नव्याने बसवावी लागली. तिसरं म्हणजे कूलरचे बारीक तुषार. जड पाण्याचा पांढुरका थर फ्रेमच्या आतल्या कडांवर बसून किरण अडवतो आणि काही ठिकाणी स्पर्श नोंदणंच थांबतं. बहुतेक वेळा यंत्र बिघडलं असं समजून बंद करून ठेवलं जातं. आठवड्यातून एकदा किंचित ओल्या मऊ कापडाने फ्रेमच्या चारही आतल्या कडा पुसल्या की ते पूर्ववत होतं. फवारा थेट काचेवर मारायचा नाही.

हाताने पेडल फिरवायच्या तीनचाकी सायकलवर येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिची लांबी सहा फुटांच्या आसपास, पेडल समोर. गुडघे पडद्याखाली नेण्याचा सवालच नाही. बाजूने येऊन अंग वळवून खालची बटणं दाबता येतात, सोयीचं मात्र नाही. त्यांच्यासाठी प्रवेशद्वाराशी, रॅम्पच्या सपाट भागावर, आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या ‘स्कॅन अँड शेअर’चा क्यूआर फलक १००० मिमी उंचीवर लावला. मोबाइलवरूनच नोंदणी होऊन टोकन मिळतं. ज्यांच्याकडे असा मोबाइल नाही त्यांच्यासाठी प्राधान्याची खिडकी चालूच राहिली. यंत्र आलं म्हणून ती खिडकी बंद करण्याचा विचार बैठकीत निघाला होता. कलम २५ समोर ठेवल्यावर तो मागे पडला.

तपासणी आणि पुढची खरेदी

यंत्र स्वीकारण्याआधीची कसोटी एकच ठेवली: खुर्चीत बसलेल्या माणसाने दरवाजातून आत येऊन, कुणाची मदत न घेता, चिठ्ठी हातात घेऊन बाहेर पडायचं. ही कसोटी तीन जणांवर झाली. रुग्णालयाच्या घडीच्या खुर्चीतली व्यक्ती, स्वतःची हलकी खुर्ची वापरणारी व्यक्ती, आणि खांद्याच्या वर हात न जाणारी व्यक्ती. चालता येणाऱ्या कर्मचाऱ्याला खुर्चीत बसवून केलेली चाचणी यात धरली नाही. तो नकळत पायांनी जोर लावतो आणि पाठ ताठ करून सहा इंच वर पोचतो.

पुढच्या निविदेतून ‘दिव्यांगांना अनुकूल यंत्र’ हा शब्दप्रयोग काढून टाकला. त्यावर कोणताही पुरवठादार ‘होय’ लिहून देतो. त्याजागी आकडे आले: सर्व स्पर्शबटणं ८०० ते १२२० मिमीच्या दरम्यान, अत्यावश्यक बटणं ११०० च्या आत, पत्र्याचा सर्वांत खालचा बिंदू ७५०, पायांमधली रुंदी ८६०, खोली ५००, कळ किमान २० मिमी, शेवटच्या स्पर्शापासून ९० सेकंद, चिठ्ठीचं तोंड ८०० ते १००० मिमी, आयएस १७८०२ नुसार चाचणी अहवाल. सोबत हेडफोनची खाच आणि स्पर्शाने कळणारा कळफलक यांचीही अट घातली, कारण दृष्टिहीन रुग्णासाठी ही यंत्रं आजही मुकी आहेत. असे आकडे मागणं हा आता ऐच्छिक चांगुलपणा उरलेला नाही. आयएस १७८०२ चा २०२३ मध्ये दिव्यांग हक्क नियमांत समावेश झाला आहे, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांतल्या नियम १५(१)चं निव्वळ शिफारशीवजा स्वरूप कायद्याशी विसंगत ठरवून बंधनकारक मानकं करायला सांगितलं आहे.

दोन्ही यंत्रं चालू आहेत. सुरक्षारक्षकांच्या सकाळच्या यादीत चार कामं घातली आहेत: पिवळा चौकोन रिकामा आहे का, गुडघ्यांच्या जागेत काही ठेवलंय का, चिठ्ठी अर्धवट कापली जाते का, आणि पडद्याच्या तळाच्या कळा एका बोटाने चालतात का. पहिलं काम रोज करावं लागतं, दुपारपर्यंत तिथे कुणाची ना कुणाची पिशवी येऊन पडलेली असते.

टोकन घेऊन रुग्ण ज्या खिडकीकडे जातो तिचा ग्रॅनाइटचा कट्टा मात्र ११५० मिमीवर आहे, आणि काचेतली फट त्याहून वर. त्यातल्या एका खिडकीचा कट्टा ९०० मिमी रुंदीपुरता कापून ७८० मिमीवर आणायचं, खाली गुडघ्यांना जागा ठेवायचं मोजमाप तयार आहे. आतल्या बाजूला कर्मचाऱ्याचं टेबल त्याच पातळीवर आणावं लागेल, तो प्रस्ताव बांधकाम विभागाकडे आहे.